पंखातला दोरा

सर्व्होला आधी मधोमध आणायचं,
ट्रिम शून्यावर, मग दांडी, मग स्क्रू.
क्रम चुकला की काय होतं
ते मला तीन विमानं गेल्यावर कळलं.

रविवार. ऐरोली, सेक्टर आठ.
गॅलरीत इस्त्रीच्या टेबलावर
हिराजी मोकलांचा पंख, पालथा.
पाच फुटी, बाल्साचा, पिवळ्या कव्हरिंगचा,
टोकाशी जरा सुरकुतलेला.
आठवडाभर मी घोडबंदरच्या टॉवरांत
लिफ्टा दुरुस्त करतो. माणसं वर जातात, खाली येतात,
त्याला कोणी उडणं म्हणत नाही.

मोकल दिवा कोळीवाड्यातले, होड्यांचे सुतार.
होड्या फायबरच्या झाल्या तेव्हा
हात रिकामे राहीनात म्हणून विमानं.
मोतीबिंदू काढला, पण डोळा नीट बसला नाही,
वर गेलेलं विमान दोन दिसायचं.
"खरा कंचा त्यो कलत नाय," म्हणाले,
आणि जुन्या चादरीत गुंडाळून
सगळं माझ्या स्कूटरवर ठेवलं.
पैसे विचारले तर वर सुकट दिली.

खाचा त्यांनी कापलेल्या, जुन्या मोठ्या सर्व्होंच्या मापाने.
माझे सर्व्हो बारीक, धातूच्या दातांचे.
रुंद शाफ्टमध्ये छोटी लिफ्ट बसवावी
तसा मी प्लायच्या पट्ट्या कापत बसलो.
उजव्या हाताच्या खाचेत पेन्सिलीचं अक्षर होतं :
"डावी जरा वाकडी. चूक माजी."
वाकडी होती खरी, एखादा मिलिमीटर.
डावी का लिहिलंय, याचा विचार केला नाही.

स्क्रू एकदा आत, एकदा बाहेर,
भोकात पातळ गोंदाचा थेंब,
वाळेस्तोवर चहा.
पण वायर?
अकरा बरगड्या पार करून ती मध्यापर्यंत यायला हवी
आणि कव्हरिंग तर फाडायचं नाही.
टॉर्च लावून खाचेला डोळा लावला,
आत दोरा.

निळा नायलॉन, जाळ्याचा.
एक टोक खाचेत टेपने चिकटवलेलं,
दुसरं मधल्या बरगडीला.
कव्हरिंग चढवण्याआधी
त्यांनी तो ओढून ठेवला होता,
ज्या वायरी अजून विकतही घेतल्या नव्हत्या
त्यांच्यासाठी.

माझी गाठ दोनदा सुटली.
मग त्यांची गाठ उलगडत उलगडत शिकलो,
तशीच मारली, आणि हळूच ओढलं.
बरगडी, बरगडी, बरगडी,
वायर बाहेर आली. तिच्याबरोबर
एक नवा दोरा आत सोडला.
का, ते मोकलांना विचारा.

पंख उलथा केला. रिसीव्हर, बॅटरी.
सर्व्होंनी एकदा ट्रर्र केलं आणि गप्प झाले.
ट्रान्समीटरची काठी उजवीकडे ढकलली :
डाव्या हाताचा एलरॉन वर.
उलटं!
मेनूत जाऊन चॅनल रिव्हर्स केला,
परत काठी, आता उजवा वर.
हातावरचा गोंद सोलत मोकलांना फोन लावला,
झालं म्हणालो.

"उलटा त नाय न?"
"होतं. सरळ केलं."
थोडा वेळ काहीच नाही. मागे कोणीतरी भांडी घासत होतं.
"तू कुठं हायस? शेपटीकडं का तोंडाकडं?"

पंखाची जाड कड माझ्या पोटाला लागलेली.
फोन कानाला धरून, टेबलाला वळसा घालून
कठड्याला पाठ घासत पलीकडे गेलो
आणि काठी उजवीकडे केली.
डावा वर आला.
पेन्सिलीने लिहूनही ठेवलं होतं.
असं उडवलं असतं तर सावरायला वळवताच
ते आणखी कलंडलं असतं,
आणि मी काठी दाबत राहिलो असतो, जोरात.

बटण परत दाबलं. उजवीकडे, उजवा वर.
डावीकडे, डावा.
"आता?"
"आता बरोबर."
"परत बघ."
परत बघितलं.
"मंग ठेव," म्हणाले,
आणि स्वतः काही फोन ठेवला नाही.